सात आऱ्यांचं चाक

मी एक जुनं लाकडी चाक आहे, मित्रांनो. नाव चाक असलं तरी जन्मात मी रस्त्यावर एक फेरा मारलेला नाही. गाडीची चाकं चिखलात लोळतात, आणि मी विहाराच्या भिंतीवरून त्यांना नाकं मुरडतो.

मला सुतारदादाने घडवलं. हात सोन्याचा, पण जीभ म्हणजे कानस! खिळा वाकला तरी खिळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. त्याची धाकटी बहीण त्याच दुकानात रंगकाम करायची. विहारातल्या भंतेंनी बजावलं होतं, "आरे आठच हवेत."

सात आरे बसले. आठवा हातात घेतला, तेवढ्यात बहीण म्हणाली, "दादा, हा जरा वाकडा वाटतोय."

झालं! "वाकडा? तू चार फटकारे मारतेस, खरं काम मी करतो! तू नसलीस तरी दुकान चालेल माझं!" आणि आरा असा आपटला की त्याचे दोन तुकडे.

बहिणीने मुकाट्याने कुंचले धुतले आणि ती घरी गेली. पुन्हा दुकानात फिरकली नाही.

दादाने नवा आरा केला, रंगही स्वतःच कालवला. निळा करायला गेला, झाला वांग्यासारखा. शेवटी तो आरा दुकानाच्या कोपऱ्यात टाकून मला सात आऱ्यांनिशीच तात्पुरतं टांगलं. तात्पुरतं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे. लोक माझ्याकडे बघून तोंडातल्या तोंडात हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा दादा विहाराची खिडकी दुरुस्त करत होता. समोर भंते मुलांना शिकवत होते. "बुद्धांनी पहिला उपदेश केला, त्याला धम्माचं चाक फिरवणं म्हणतात. हे चाक आपल्या वागण्यात फिरवायचं असतं. हे आरे म्हणजे त्या मार्गाची आठ अंगं. सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, सम्यक वाचा, म्हणजे खरं आणि कुणाला न दुखवणारं बोलणं..."

त्यांचं बोट नेमकं रिकाम्या जागेवर आलं.

"हा कुठे गेला?" एका पोराने विचारलं.

"मामाने तोडला!" दादाची भाची ओरडली. "आईशी भांडताना!"

सगळी पोरं खो खो हसली. दादाची हातोडी थेट अंगठ्यावर बसली. आता शिव्यांची सरबत्ती होणार म्हणून मी कान टवकारले. पण दादा नुसता अंगठा धरून उभा. चकार शब्द नाही!

थोड्या वेळाने बहीण मुलीला न्यायला आली. दादा पुढे झाला. "आज फार उकडतंय, नाही?" ती मुलीची चप्पल शोधत राहिली. "रंग महागलेत म्हणे." तिने मुलीचा हात धरला. माझा जीव टांगणीला. मग त्याने मान खाली घातली.

"वाकडाच होता गं तो आरा. आणि तुझ्यावाचून दुकान चालत नाही."

"माहितीये," ती म्हणाली. "तुझं वांगं दाखवलंय मला पोरीने." आणि दोघंही हसता हसता रडायला लागली. मीही रडलो असतो, पण लाकडाला ओल सोसत नाही.

आठवा आरा बसून आता बरीच वर्षं झाली. त्याचा निळा रंग इतरांपेक्षा किंचित ताजा आहे. मला तोच सगळ्यांत आवडतो.

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचते, अधूनमधून पुसत जा. पण कुणाशी बोलणं तुटलं असेल, तर आधी तिकडे जा. माझं काय, मी इथेच आहे. चाक असून मला कुठे जायचंय?