हुमणाचं कौतुक

सेजलच्या हातच्या हुमणाला गोव्यातल्या हरमल गावात तोड नव्हती. नारळाच्या रसातलं, तिरफळं घातलेलं ते बांगड्याचं कालवण एकदा जेवलेला माणूस पुन्हा वाट वाकडी करून यायचा. तिच्या नवऱ्याला, रुद्रेशला, हे पुरतं ठाऊक होतं. पण तोंडाने म्हणेल तर शपथ! आपल्याकडच्या बहुतेक घरांत हीच रीत. जेवण बिघडलं तर बोभाटा, आणि साधलं तर मुकाट्याने पुन्हा भात वाढून घ्यायचा.

याच मुकेपणाने यंदा सेजलचं काम अडलं. किनाऱ्याजवळच्या एका गेस्ट हाऊसमध्ये पाहुण्यांना गोव्याचं जेवण शिकवायला बाई हवी होती. सेजलने एक दिवस शिकवून दाखवलं. मालकीणबाई म्हणाल्या, चव उत्तम, पण तुम्ही नुसतं 'धिस कोकोनट, धिस चिली, नाऊ पुट' म्हणत गेलात. पाहुण्यांना वाटलं, बाई रागावल्यात. त्यांना तुमची आवड तुमच्या तोंडून ऐकायची असते. रविवारी पुन्हा या, नाही जमलं तर दुसरी कोणी बघू. लग्नाआधीपासून सेजलला स्वतःचं काम हवं होतं, आणि इतकं मनासारखं काम पुन्हा चालून येणार नव्हतं.

तिने कंबर कसली. पुतणी साक्षी कॉलेजात शिकत होती, तिच्याकडून शब्द घेतले. साक्षी सांगे, नुसतं 'आय लाइक' म्हणजे बिनमिठाची पेज. वेड असेल तर म्हण 'आय ॲम क्रेझी अबाउट', जीव ओतून करत असशील तर 'आय ॲम पॅशनेट अबाउट', आणि धीर धरवत नसेल तर 'आय कान्ट वेट'. सेजल आदोळीवर बसून नारळ खवता खवता हे घोकू लागली. 'पॅशनेट'वर जीभ अडखळे, ती पुन्हा म्हणे.

रुद्रेशला यात गंमत दिसली. तो स्कूटर भाड्याने देणारा, बोलण्यात पटाईत. स्टँडवरच्या मित्रांना त्याने बायकोची नक्कल करून दाखवली. मग काय, ओंकार आणि गौरेश चहाला आले ते दारातूनच सूर लावत, "वयनी, वुई आर पॅशनेट अबाउट चाय!" रुद्रेश पोट धरधरून हसला. सेजलने चहा दिला आणि आत गेली. त्या दिवसापासून आदोळीवर फक्त नारळ खवल्याचा आवाज येऊ लागला. शुक्रवारी तिने सांगून टाकलं की, रविवारी आपण जाणार नाही.

"अगे, मस्करी केली," रुद्रेश म्हणाला.

"लोक हसले असते तर सोसलां असतां," ती म्हणाली. "घरचो माणूस हसलो, की जीभच उचलत नाय."

तो तसाच स्टँडवर गेला. तिथे नेहमीप्रमाणे कृष्णनाथबाब पेपर वाचत बसले होते. केरीच्या फेरीबोटीवर नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस, बोलायचा कमी, बघायचा जास्त. एवढ्यात एक रशियन बाई आली. "आय वेरी वॉन्ट रेड स्कूटर! वेरी वेरी लव्ह!" रुद्रेशने लगेच आपलं रशियन बाहेर काढलं, "ओचिन खराशो!" म्हणजे फार छान. बाईने टाळ्या वाजवल्या आणि खुशीत स्कूटर घेऊन गेली.

कृष्णनाथबाबनी पेपरची घडी घातली.

"तिचां इंग्लीश धड होतां?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"मग तू हसलंस?"

"गिऱ्हायकाक कोण हसतलो?"

"आणि तुझां रशियन धड आसा? तरी तिणे टाळ्यो मारल्यो. परक्याची मोडकी भाषा ती हौस, आणि आपल्या बायलेची ती मस्करी? अरे, बोट धक्क्यावरून सुटताना हिसको देताच. म्हणान तिका कोण परत बांधून घालता?"

 रुद्रेशला आपलीच लाज वाटली. स्टँड ओंकारवर सोडून तो भर दुपारी घरी आला आणि आदोळीसमोर बसकण मारून म्हणाला, ते शब्द मलाही शिकव. सेजलने आधी लक्षच दिलं नाही. मग त्याने आपणहून 'पॅसनेट' म्हटलं, पुन्हा 'पॅनशेट' म्हटलं, आणि तिला हसू आवरेना. शनिवारी संध्याकाळपर्यंत दोघं मिळून घोकत होती.

रविवारी तो गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. सेजलने सुरुवात केली, "धिस कोकोनट..." आवाज पार कोरडा. पाहुणे घड्याळं बघू लागले. तिने दाराकडे पाहिलं. रुद्रेशने 'बोल' म्हणून मान हलवली. तिने तिरफळं हातावर चुरडून नाकाशी नेली, आणि आईच्या चुलीची आठवण आली म्हणा, की काय म्हणा, तोंडातून निघून गेलं, "आय ॲम क्रेझी अबाउट धिस स्मेल! माय मदर पुट, आय पुट! आय कान्ट वेट टू ईट!"

पाहुणे पुढे सरकले. प्रत्येकाला तो वास घ्यायचा होता. आता सेजल थांबते कसली! "आय ॲम पॅशनेट अबाउट बांगडा!" ती म्हणाली आणि सगळे हसले. रुद्रेशला वाटलं, झाली पुन्हा मस्करी. पण त्या हसण्यात टोचणी नव्हती. मागून कुणीतरी ओरडलं, "मी टू!" हुमणाची वाटी पावाने पुसून घेतली गेली, आणि मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, उद्यापासून या.

त्या रात्री ओंकार आणि गौरेशही जेवायला होते. रुद्रेशने सवयीने भाताकडे हात नेला आणि मध्येच थांबला.

"सेजल," तो म्हणाला, "आय ॲम क्रेझी अबाउट युवर हुमण."

मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. ओंकारने हळूच आपलं ताट पुढे केलं. "वयनी, मी टू."

सेजल वाढता वाढता थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या घरात तिच्या हुमणाला कुणी चांगलं म्हटलं होतं.

वाचकहो, परक्याच्या मोडक्या बोलीला आपण टाळ्या वाजवतो, मग घरच्या माणसाच्या पहिल्या अडखळत्या वाक्याला हसण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? शिकणाऱ्याला हसू नका, त्याचं पुढचं वाक्य ऐकायला थांबा. आणि आवडलं ते आवडलं म्हणायला इंग्रजीचीच वाट कशाला पाहायची? आजच्या जेवणापासून सुरुवात करता येईल.