मापाऱ्याचे ढिले शर्ट

पुंडलिकराव मापारी एकेकाळी एक क्विंटल नऊ किलो होता. हे वजन साऱ्या गावाला पाठ, कारण ते कापसाच्या काट्यावर झालेलं. राळेगावच्या बाजारात त्यानं पस्तीस वर्षं दुसऱ्यांचा कापूस मोजला. दरवर्षी हंगाम संपला की काटा झाकून ठेवायच्या आधी हमाल त्यालाच उचलून काट्यावर बसवायचे आणि ओरडून आकडा सांगायचे. सगळे हसायचे. तोही हसायचा, पोट हलवून.

मग तो रिटायर झाला. दोन वर्षांनी नंदाबाई, त्याची बायको, गेली. मुलगा पिंटू पुण्याला नोकरीवर, दिवाळीला येतो म्हणतो आणि दिवाळी झाल्यावर फोन करतो. त्यात पुंडलिकरावाला साखर निघाली. यवतमाळच्या डॉक्टरनं गोड बंद केलं, भात बंद केला, बटाटा बंद केला. खरं म्हणजे बंद करायला फार काही उरलं नव्हतं. निम्मं जेवण नंदाबाईबरोबरच बंद झालं होतं. एकटा माणूस सकाळी भाकर थापतो, दुपारी तीच खातो आणि संध्याकाळी उरलेल्या तुकड्याकडे बघत बसतो. दीड वर्षात तो अडुसष्ट किलोवर आला. डॉक्टर म्हणाला, वा, असे पेशंट पाहिजेत.

गावानं काही म्हटलं नाही. एवढा डोंगर खचला आणि कुणाच्या नजरेला आलं नाही, कारण त्या वर्षांत अख्खं गावच खचून राहिलं होतं. कापसाला भाव नव्हता, बोंडात अळी होती, आणि मंत्री येऊन बांधावर फोटो काढून जात होते. अशात एक म्हातारा बारीक झाला तर झाला.

पण कपडे जुन्या माणसाचेच राहिले. पँट नाडीनं बांधायची, शर्टाच्या बाह्या ताटात बुडायच्या. शेवटी तो गठ्ठा घेऊन राळेगावला जफर टेलरकडे गेला. सगळे शर्ट जफरनंच शिवलेले. जफरनं एक शर्ट टेबलावर पसरला, चष्मा वर सरकवला, पुंडलिकरावाकडे पाहिलं, पुन्हा शर्टाकडे पाहिलं.

"भाऊ, शर्ट असता तं बारीक करून देल्ला असता. हा तंबू हाय. खांदा उसवा, गळा उसवा, बाही उसवा, मंग तुमच्या हातात राह्यलं काय? बटनं."

जफरनं त्याला दोन नवे शर्ट, दोन पँटी शिवून दिल्या. जुने बावीस शर्ट आणि पँटांचा ढीग खाटेवर पडून राहिला. पिंटूला फोन केला तर तो म्हणाला, बाबा, बोहारणीला द्या नाहीतर फेका, मी मीटिंगमध्ये आहे. बोहारीण आलीही दारावर, कपड्यांच्या बदल्यात भांडं घ्या म्हणाली. पुंडलिकरावानं नको म्हटलं. घरातल्या भांड्यांनाच काम नव्हतं, आणखी एक आणून त्याच्याकडे काय बघत बसायचं?

मग त्याला डोंगरसिंग आठवला. तांड्यावरचा डोंगरसिंग, त्याच्याच काट्यावर पंचवीस वर्षं गाठोडी उचललेला हमाल, अंगानं अजून आडवातिडवा. पुंडलिकरावानं चादरीत कपडे बांधले आणि नाला ओलांडून तांड्यावर गेला. डोंगरसिंग घरी नव्हता. त्याच्या बायकोपुढे गाठोडं ठेवून पुंडलिकराव म्हणाला, "डोंगरसिंगले सांगजा, त्यानं घालावं. मले आता याचं काम नाही."

एवढंच बोलला आणि घरी येऊन झोपला.

आता हे वाक्य दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या वर्षी बोलला असता तर काही झालं नसतं. पण या गावात वर्षापूर्वी रामराव नावाचा शेतकरी मेला होता. मरायच्या चार दिवस आधी रामरावानं हातातलं घड्याळ पुतण्याला दिलं, छत्री शेजाऱ्याला दिली, नव्या चपला सालदाराला दिल्या. सगळ्यांनी घेतल्या. रामराव मोठा दिलदार, असं म्हणून घेतल्या. पाचव्या दिवशी तो वावरात पडलेला सापडला, फवारणीच्या औषधाची बाटली उशाला. तेव्हापासून गावात कुणी कुणाला फुकट काही दिलं की घेणारा हात मागे घ्यायचा. माया नव्हे, भीती. पुन्हा आपल्या हातून घडलं असं कुणी म्हणू नये, ही भीती.

संध्याकाळी डोंगरसिंग गाठोडं घेऊन आला. सोबत चार जण. पुंडलिकरावाच्या ओट्यावर पाच माणसं नंदाबाईच्या तेरवीनंतर पहिल्यांदा बसली. कुणी विषय काढला नाही. हवा कशी आहे, पिंटूचं काय चाललंय, गुडघा दुखतो का, असलं विचारत राहिले. गाठोडं कोपऱ्यात ठेवून दिलं. पुंडलिकरावाला वाटलं डोंगरसिंगला कपडे आवडले नसतील. त्यानं सगळ्यांना चहा केला, दोन कप कमी पडले तर वाट्यांमध्ये दिला. उठताना डोंगरसिंग म्हणाला, उद्या येतो.

आणि आला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आळीपाळीनं माणसं. तिसऱ्या दिवशी पुंडलिकरावाच्या लक्षात आलं की विहिरीचा दोर जागेवर नाही. परसात वांग्याला मारायच्या औषधाची शिशी नाही. दाढीचं पातंही नाही. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो चुलीपाशी बसून एकटाच हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. उठला, ओट्यावर जाऊन सांगून टाकावं म्हणून उंबऱ्यापर्यंत गेला, आणि उंबऱ्यात थांबला.

सांगितलं की ही माणसं उद्या येणार नाहीत.

त्यानं सांगितलं नाही. ज्यांना त्याला नावं ठेवायची असतील त्यांनी आधी दीड वर्षं एकट्यानं भिंतीशी बोलून बघावं.

मग चैन सुरू झाली. सकाळी कुणी तरी शिरा आणायचं, दुपारी कुणाच्या घरची पुरणपोळी. मन रमावं म्हणून गोड. पुंडलिकराव खायचा. नाही म्हटलं तर आणणारा बसणार नाही, म्हणून खायचा. रात्री तहान लागून घसा कोरडा पडायचा, पाय जड व्हायचे. कुणाला काही बोलायचा नाही. लोक त्याला जगवायला आले होते आणि वाटी-वाटीनं मारत होते.

पाचव्या दिवशी सर्वेवाला आला. सरकारनं तेव्हा दुःख मोजायला छापील फॉर्म काढला होता. त्यानं विचारलं, मनात वाईट विचार येतात का, हो की नाही. झोप लागते का. घरात माणसं किती. पुंडलिकराव म्हणाला, एक. त्यानं विचारलं, तुम्ही धरून? पुंडलिकराव म्हणाला, मी धरून. शेवटी सातबारा मागितला. पुंडलिकरावाच्या नावावर गुंठाभरही शेत नव्हतं. सर्वेवाल्यानं पेनाला टोपण लावलं. मग तुम्ही यात बसत नाही काका, म्हणाला, आणि फॉर्म फाडून खिशात घातला. मरायची इच्छा असायलाही या राज्यात शेत लागत होतं.

सहाव्या दिवशी भर दुपारी मैनाबाई आली. रामरावाची बायको. वेचणीचे दिवस, ती दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं कापूस वेचायला जायची. ओट्यावर डोंगरसिंग पहाऱ्याला होता, म्हणजे घोरत होता. मैनाबाई त्याला ओलांडून आत आली आणि अंगणात उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते, सुकलेल्या बोंडांच्या टोकांचे.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमी मरणार हाय का?"

सहा दिवसांत हा शब्द पहिल्यांदाच कुणी उच्चारला. ओट्यावरच्यांना गप्प राहून फसवता येत होतं. या बाईपुढे ते होईना.

"नाही," तो म्हणाला.

"मंग कपडे कायले वाटून राह्यले?"

"ढिले झाले, मैनाबाई. साखर हाय मले. वजन उतरलं."

ती हसली नाही. चिडलीही नाही. तिनं ओट्याकडे पाहिलं, घोरणाऱ्या डोंगरसिंगकडे.

"आमच्या घरी यातला एक जण एक दिवस येऊन बसला असता," ती म्हणाली. "घड्याळ घ्याले आले, छत्री घ्याले आले. बसाले कोणी नाही आला. आताही कोणी येत नाही. मले सारे पाहून रस्ता बदलते. तुमच्या ओट्यावर मात्र पाळी लावून बसून राह्यले, अन् तुमाले काही झालंच नाही."

पुंडलिकरावानं पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला.

"मले वाटलं तुमी खोटे नाही," ती म्हणाली. "म्हणून इचाराले आली. आज सांगजा त्याईले."

जाता जाता ती कोपऱ्यातल्या गाठोड्यापाशी थांबली. चादरीची गाठ सुटली होती, एका शर्टाची बाही बाहेर आली होती. तिनं ती बाही बोटांत धरून पाहिली.

"हे कोणाले देऊन राह्यले?"

"डोंगरसिंगले देल्ले होते. त्यानं वापस आणले."

"मले देसान? वेचाले जातो तं वरून माणसाचा शर्ट लागते, नाही तं हात असे होते." तिनं हात पुढे केले. "माह्या घरी होते त्याईचे शर्ट. तेरवीले सारे वाटाले लावले. रीत हाय म्हणे. म्या म्हटलं, एक ठेवू द्या, वेचाले कामी येईन. तं म्हणे, मेलेल्या माणसाचा कपडा बाई घालते का? अन् ज्यायनं वाटले, त्यायनंच घातले."

"हे लय ढिले होतीन तुले."

"ढिलाच पाह्यजे. लुगड्यावरून जाते. वेचणीच्या बायांले इचारा कधी, नवरा लठ्ठ असन तं त्या शर्टासाठीच देवाले हात जोडते." आणि इथे ती थोडी हसली, आणि लगेच थांबली.

त्या संध्याकाळी ओट्यावर सहा जण असताना पुंडलिकरावानं सांगून टाकलं. मले मरायचं नाही, कपडे मोठे झाले म्हणून देल्ले, एवढंच. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग एकानं कपाळाला हात लावला. एक जण मोठ्यानं हसायला लागला आणि सगळे हसले, आणि हसणं संपल्यावर मागे राग उरला.

"मंग इतके दिवस सांगतलं काहून नाही?" डोंगरसिंगनं विचारलं. "सा दिवस म्या या ओट्यावर डास मारले. बायको रोज इचारते, आज गेला का."

"तुमी येऊन राह्यले होते," पुंडलिकराव म्हणाला. "म्हणून."

ओशाळले असते तर बरं झालं असतं. पण ते ओशाळले नाहीत, फसल्यासारखे उठले. एकानं जाताना दोर विहिरीवर परत बांधला. दुसऱ्यानं औषधाची शिशी आणि पातं उंबऱ्यात आणून ठेवलं, उसनी साखर परत करावी तसं. डोंगरसिंगला पुंडलिकरावानं विचारलं, कपडे नेतो का. नको, तो म्हणाला, तुमचे कपडे घालून फिरलो तं लोकं मले हसतीन. आणि तो नाला ओलांडून गेला तो पुन्हा आला नाही.

सकाळी मैनाबाई आणि तिच्या टोळीतल्या बाया आल्या. घाईत होत्या, वेचणीला उशीर होत होता. अंगणातच शर्ट वाटून घेतले, आपसात ओढाओढी केली, एकीनं अंगावर घालून गोल फिरून दाखवलं. पँटांचं काय करायचं विचारलं तर एक म्हणाली, बसाले बसकर होते, नाही तं गोधडी. पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं. चादर घडी करून मैनाबाईनं खाटेवर ठेवली होती.

दोन दिवस ओट्यावर कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी पुंडलिकराव पायांना चाल पाहिजे असं डॉक्टर म्हणतो म्हणून गावाबाहेर निघाला, आणि चालत चालत वेचणी चालू होती त्या वावरापाशी पोचला. असं तो स्वतःला म्हणाला. खरं तर त्याला रस्ता माहीत होता.

पऱ्हाटीच्या ओळींमधून बाया वाकून चालल्या होत्या, कमरेला कापसाची ओटी, आणि अंगावर त्याचे शर्ट. निळ्या चौकड्यांचा, पिंटूच्या मुंजीला शिवलेला. पांढरा, नंदाबाईनं नीळ जास्त घालून बिघडवलेला. खाकी, काट्यावर रोज घालायचा तो. सगळे एका रांगेत, एकमेकांना लागून. त्यांच्या आतून बोलण्याचा, हसण्याचा आवाज येत होता. कुणाच्या तरी सासूबद्दल काहीतरी चाललं होतं. शर्ट त्याच्या अंगावर असताना त्यांच्या आजूबाजूला एवढी माणसं कधीच नव्हती.

मैनाबाईनं मान वर केली. तिच्या अंगावर खाकी होता, बाह्या बोटांपर्यंत, आणि हात झाकलेले.

"काय पाह्यजे, भाऊ?"

"काही नाही."

"मंग उन्हात उभे कायले राह्यले?"

त्यानं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. ती पुन्हा वाकली, कारण रांग पुढे गेली होती आणि मजुरी किलोवर होती. शर्ट पाठमोरे दूर जात राहिले, वावराच्या दुसऱ्या टोकाच्या धुऱ्यापर्यंत. तिथं पोचल्या की बाया वळणार होत्या आणि त्याच्याच दिशेनं परत येणार होत्या. समोर आल्या असत्या तर तो कशाला आला होता ते त्याला सांगावं लागलं असतं.

त्या वळायच्या आत तो निघाला.