उजव्या हाताचे ठोके

अर्धांगवायूच्या झटक्याने रॉस्को बीमनचा उजवा हात लुळा पडला आणि त्याचं तळघर मुकं झालं.

दिवसभर मोटारीच्या कारखान्यात दारं बसवायची, घरी आलं की तळघरात उतरून ड्रम मशीनवर ताल बांधायचे, अशी त्याची उमेदीची सगळी वर्षं डेट्रॉइटमध्ये गेली होती. करडं, परातीएवढं यंत्र. त्यावर रबराचे चौकोन, एकेका चौकोनात एकेक आवाज. डावा हात ढोलाचा पाया धरायचा, उजवा त्यावर टाळ्या आणि झांजा नाचवायचा. रविवारी दुपारी स्केटिंगच्या हॉलमध्ये त्याचे ताल वाजले की चाकांचे बूट घातलेली अख्खी वस्ती गोल गोल फिरायची.

लेक शेरीस लॅपटॉप घेऊन आली. "डॅडी, तुझ्या मशीनचे सगळे आवाज या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. एका बोटाने काम होतं."

खोटं नव्हतं ते. पडद्यावरच्या चौकटीत ठिपका ठेवला की तिथे टाळी पडायची, अगदी वेळेवर. रॉस्को चिकाटीने शिकला. वसंत येईतो त्याने एक नवा ताल जुळवला आणि हॉलवाल्या लमॉन्टने तो वाजवला. माणसं आरडाओरडा करत फिरली. लमॉन्ट माइकवरून ओरडला, "हात गेला तरी गडी शाबूत आहे रे!"

रॉस्को हसला. शेरीसचे डोळे भरून आले होते, म्हणून तर जास्तच हसला. पण मांडीवरचा हात थंडगार होता. पूर्वी प्रत्येक ठोका बोटांतून खांद्यापर्यंत चढायचा. आता तो नुसता कानात शिरत होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

पुढच्या रविवारी चर्चहून आल्यावर त्याची बायको ओडेटा स्वयंपाकघरात पालेभाजी शिजवत होती. खालून ठोके आले. तुटके, मधेच गाळलेले. गॅस बंद करून ती जिना उतरली. मशीनवरची चादर बाजूला पडली होती आणि रॉस्को डाव्या हाताने ढोल वाजवत होता.

"अर्धाच का वाजवतोयस?"

"उरलेला माझ्याकडे नाही."

"लॅपटॉप आहे ना?"

"आहे गं. तो माझ्यावाचूनही वाजवतो."

ओडेटाने स्टूल ओढलं, त्याच्या उजव्या अंगाला बसली आणि ॲप्रनला हात पुसले. "या डबड्याला आयुष्यभर शिव्या दिल्या मी. पण वर भाजी ढवळताना डाव याच्याच ठोक्यावर फिरायचा. वाजव."

टाळीच्या चौकोनावर तिची पहिली टाळी उशिरा पडली. दुसरी त्याहून उशिरा.

"बाई, टाळी वाजवतेस की दार ठोठावतेस?"

"गप बस. परत घे."

परत घेता घेता एकदाचं जमलं. थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, तो ताल पुरा झाला. दोघांच्या माना एकदमच डोलायला लागल्या. मग ओडेटा थांबली. तिने त्याचा लुळा हात उचलून चौकोनावर ठेवला, त्यावर आपला तळवा ठेवला आणि दाबला. टाळी वाजली.

"हाताला कळलं काही?"

हो म्हणावंसं त्याला फार वाटलं. "नाही," तो म्हणाला.

तिने हात काढला नाही. "मग मी सांगते. रबर कोमट आहे. दाबलं की जरासं खाली जातं, लगेच बोटाला मागे ढकलतं. आत काहीतरी थरथरतं, मनगटापर्यंत येतं..."

रॉस्कोने डोळे मिटले.

"अजून सांग," तो म्हणाला.