पाठीवरचं घासलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना पितळी पहारेकरी आहे. उंची वीतभर, वजन पावशेर आणि राग मणभर. भंडाऱ्यातल्या एका कॉलेजच्या काचेच्या कपाटात मी उभा असतो. माझ्या पाठीवर दोन नावं आहेत. त्यातलं एक वाचलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माझा जन्म १९७९ सालचा. अड्याळहून रोज एसटीनं येणाऱ्या चंद्रकांताबाई इथे जीवशास्त्र शिकवायच्या. नोकरी कच्ची. दर वर्षी नवा हुकूम यायचा, आणि तो विभागप्रमुख कृष्णराव सरांच्या सहीनं. मुलांना पेशीचा कारभार समजेना, म्हणून बाईंनी कागदावर माझं चित्र काढलं आणि सुखराम कासाराचं दुकान गाठलं.

आता तो कारभार ऐका. प्रत्येक पेशीत एक लांबलचक लिखाण असतं. त्यातल्या एकेका मजकुराला जनुक म्हणतात. मजकूर वाचला गेला की त्याबरहुकूम प्रथिन तयार होतं. पण पेशी सगळंच सारखं वाचत बसली तर दमून मरेल. तुमच्या आतड्यात एक जंतू राहतो. त्याच्याजवळ दुधातली साखर पचवायची जनुकं असतात. दूधच नसेल तर ती वाचायची कशाला? म्हणून त्या जनुकांच्या तोंडाशी एक प्रथिन ठाण मांडून बसतं आणि वाचणाऱ्याला अडवतं. साखर आली की तिचंच एक रूप त्या प्रथिनाला चिकटतं. त्याचा आकार बदलतो, पकड सुटते आणि वाचन सुरू होतं. साखर संपली की स्वारी पुन्हा जागेवर. ते प्रथिन म्हणजे मी.

सुखरामनं एक उतरती पितळी पट्टी केली. तिच्यावर चाकांचा छोटा गाडा, तो वाचणारा. खाली तीन घंटा, त्या जनुकं. गाडा आणि घंटा यांच्या मधे एका खिळ्यावर मी. माझ्या छातीत वाटी आहे. तिच्यात खडीसाखरेचा खडा टाकला की माझा तोल जातो, पाय पट्टीवरून उचलतो, गाडा सुटतो आणि घंटा वाजतात.

मी खिळ्यावर खुळखुळत होतो, ते काही सुखरामला पटेना.

"बाई, हा ढिला काहून ठेवाचा? खुळखुळणारं भांडं गिऱ्हाईक हातात घेत नाही."

"ढिलाच पायजे, सुखरामभाऊ. याले सुटता आलं पायजे. सुटतच नसंल तर तो पहारेकरी नाही, भिंत झाली."

सुखराम हसला. मग आमच्याकडे भांड्यावर नाव टाकतात तसं त्यानं माझ्या पाठीवर टोकदार खिळ्यानं टिंब टिंब करून बाईंचं नाव टाकलं. हात जड होता त्याचा. टिंबं खोल गेली.

दीड वर्ष मी वर्गात राज्य केलं. मग १९८१ च्या जानेवारीत जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन ठरलं. प्राचार्य म्हणाले, "बाई, हे यंत्र तिथे मांडा. परीक्षकांना आवडलं तर तुम्हाला कायम करायची शिफारस मी स्वतः करतो." बाई त्या दिवशी घरी जाताना मला हळूच थोपटून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कृष्णरावांनी मला उचललं, उलटंपालटं केलं आणि नाव वाचलं.

"बाई, वस्तू विभागाची आहे. विभागाचं नाव म्हणजे माझं नाव."

बाईंनी मला त्यांच्या हातात तसंच राहू दिलं. पुढच्या वर्षीचा हुकूम अजून निघायचा होता.

कृष्णरावांनी मला सुखरामकडे नेलं नाही, लांबच्या एका दुकानात नेलं. चोराच्या मनात चांदणं. तिथे माझ्या पाठीवर कानस चालली. मित्रांनो, ते दुःख मी सांगणार नाही. बाईंचं नाव भुकटी होऊन जमिनीवर पडलं आणि त्या जागी 'कृष्णराव' आलं. एवढ्यावर थांबले असते तर कदाचित वाचलेही असते. पण जाता जाता त्यांनी मला हलवून पाहिलं.

"हा खुळखुळून राहिला. आमच्या घरी तीन पिढ्यांचं पितळेचं दुकान आहे, असलं कच्चं काम मले चालत नाही. याचा पाय पट्टीले पक्का झाळून टाक."

माझा पाय पट्टीला कायमचा डकवला गेला. मी मनात म्हटलं, सर, सूड कसा घ्यावा या विवंचनेत मी होतो. तुम्हीच तो माझ्या हातात आणून दिलात.

प्रदर्शनात नागपूरचे एक म्हातारे परीक्षक आले. कृष्णराव पाठ केलेलं घडाघडा बोलले आणि ऐटीत वाटीत खडा टाकला. मी ढिम्म. दुसरा टाकला. ढिम्म. तिसरा, चौथा. वाटी भरून साखर खाली सांडली. सरांनी मला टिचकी मारली, मग गुद्दा मारला. पोरं फिदीफिदी हसली. सरांच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि मी तो डोळे भरून पाहत होतो.

परीक्षकांनी विचारलं, "साखर येऊनही पहारेकरी उठत नाही. असा जंतू खरोखर असतो का हो, सर?"

"छे, असा कुठं असते? यंत्रात बिघाड आहे."

"असतो, सर." मागे साखरेचा डबा धरून उभ्या असलेल्या बाई बोलल्या. "जनुकात चूक झाली की पहारेकऱ्याची साखर धरायची जागा बिघडते. मग तो जागचा हलत नाही. दूध समोर असून जंतू उपाशी राहतो."

"हा असा तुम्ही बनवला?"

बाईंनी एकदा कृष्णरावांकडे पाहिलं. "मी ढिला बनवला होता, सर."

परीक्षकांनी चष्मा लावला आणि माझी पाठ उजेडाकडे फिरवली. सुखरामची टिंबं कानशीला पुरून उरली होती. 'कृष्णराव'च्या खालून 'चंद्रकांता' पुसट दिसत होतं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सरांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, आणि मी पोटभर पाहिलं.

परीक्षकांना बाईंचं यंत्र आवडलं आणि प्राचार्यांनी शब्द पाळला. बाई कायम झाल्या. सुखरामनं माझा पाय मोकळा केला आणि बाईंचं नाव पुन्हा टाकलं, पहिल्यापेक्षा खोल.

"सरायचं नाव घासू काय, बाई?"

"नको, भाऊ. अजून घासलं तर हा हलका होईल. तोल जाईल याचा."

म्हणून ते नाव मी आजही वागवतो. मित्रांनो, एक विनंती आहे. माझ्या वाटीत साखर विसरू नका, मुंग्या लागतात. आणि कोणाच्याही कामावरचं नाव घासू नका, पितळ ते विसरत नाही.

परवा कृष्णराव आले होते. निवृत्त झालेत, केस पिकलेत. कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. बाईंनी उठून त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. नंतर मला म्हणाल्या, "सोड आता, गड्या."

सोडेन की. माझी पकड सुटायला फक्त एक खडा लागतो. सर रिकाम्या हातानं आले होते.