मागची सीट

"थांबवा जी! थांबवा म्हनतो न मी!" अख्तरीने नवऱ्याच्या पाठीवर मूठ आपटली.

कय्यूमने ब्रेक दाबला. लाल रंगाची ती चार चाकांची गाडी खडकाळ मैदानात एक शेवटचा गचका देऊन उभी राहिली. अख्तरीने मांडीवरचं फडकं सोडलं. आत दोरीत ओवलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. निम्म्याहून जास्त फुटल्या होत्या.

"पाहा," तिने तुकडे तळहातावर घेऊन दाखवले. "काच टिकली नाई, तं माही कंबर काय टिकनार?"

"इंजिन पाय ना अख्तरी! हत्ती हाय हत्ती."

"इंजिनावर बसाचं हाय का मले?"

भद्रावतीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला असलेल्या एका रिसॉर्टच्या मागचं हे मैदान. पाहुण्यांना खड्ड्यांतून, उंचवट्यांवरून फिरवायला मालकाने या एटीव्ही, म्हणजे आडवाटेवर चालणाऱ्या जाड चाकांच्या, गाड्या घेतल्या होत्या. आता तो खेळ बंद करून तो त्या विकत होता. त्या बिघडल्या की दुरुस्तीला सावली गावाहून कय्यूमलाच बोलावत, म्हणून ही खबर त्याच्या कानावर सगळ्यांत आधी आली. विक्रीचं काम पाहणारे भैयाजी जांभळाच्या सावलीत उभे राहून या नवरा-बायकोकडे पाहत होते. बांगड्या मांडीवर घेऊन गाडी तपासणारं गिऱ्हाईक त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

अख्तरी मनियार. सावलीला बाजारगल्लीत त्यांचं दुकान होतं. अर्ध्या भागात कय्यूमचे पाने, पंप आणि उघडलेल्या मोटारसायकली, अर्ध्यात तिच्या बांगड्या. पण दुकानात बसणं हे तिचं काम नव्हतंच कधी. लग्न होऊन आली त्या वर्षीच सासूने तिच्या डोक्यावर बांगड्यांची टोपली ठेवली आणि वैनगंगेपल्याडच्या टोल्यांची, जंगलातल्या लहान वस्त्यांची, वाट दाखवली. सडक संपते तिथवर एस.टी., आणि पुढे जंगलातून पायी. मोहटोला, हेटीटोला, शेवटी कोसमटोला. कोणाचं लग्न, कोणाचं बाळंतपण, कोणाच्या घरी नवी सून, हे तिला हातांवरून कळायचं. हात दाबून पाहिला की माप सांगायची. वाटेत अस्वलाची विष्ठा पाहून थांबणं, पळसाच्या पानावर भाकर खाणं, नाल्यात पाय बुडवून बसणं, यातच तिचं सगळं वय गेलं होतं.

आणि एवढं जंगल तुडवलेली ही बाई पडली ती घरच्या अंगणात, ओल्या फरशीवर. कंबरेचं हाड मोडलं, आत सळई बसवली. घरात चाला, डॉक्टर म्हणाले, पण लांबची चाल नको आणि गचके तर मुळीच नकोत. तरी एकदा हट्टाने ती कय्यूमच्या मोटारसायकलवर बसली होती. पहिल्याच नाल्यात तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कय्यूम तिला तसाच माघारी घेऊन आला. तेव्हापासून ती दुकानातल्या स्टुलावर. एका जागी बसून बसून तिचा आवाजसुद्धा बारीक झाला होता.

मग एके दिवशी कोसमटोल्याहून इंदुताईचा फोन आला. "माह्या उर्वशीचं लगन जमलं वं. दोनी मोठ्या पोरीयच्या हातात तूच चुडा भरला, हिच्या बी तूच भरशीन. मांडवात."

"माह्यानं नाई होत आता, इंदुताई."

"मी काई आयकत नाई," असं म्हणून इंदुताईने फोन ठेवून दिला.

त्यानंतर तीन दिवस अख्तरीचं जेवणावरून मन उडालं होतं. मग कय्यूमने रिसॉर्टच्या गाड्यांची गोष्ट काढली आणि ती स्टुलावरून उठून उभी राहिली.

आता मैदानात तिने नवऱ्याला बोटाने खूण केली. "तुमी मांग बसा. भैयाजी, जरासक चालवून पाहा बरं. याईले मांग घेऊन."

"मी? मांग?" कय्यूमला हसू आलं. पण बायकोचा चेहरा पाहून तो मुकाट्याने मागे बसला. भैयाजींनी लाल गाडी मैदानात दोनदा फिरवली. कय्यूम उतरला तेव्हा त्याचे दोन्ही हात कंबरेवर होते.

"कशी हाय?"

"चांगली हाय," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "नोको घेऊ."

दुसरी गाडी म्हणजे छोटी जीपच. वर छत, गोल स्टिअरिंग, शेजारी शेजारी दोन खुर्च्या, पट्टे. अख्तरी तिच्यात बसली आणि तिने डोळेच मिटले. एक फेरी झाली. बांगड्या जशाच्या तशा.

"हेच घ्या, काकू," भैयाजी म्हणाले. "यात आराम म्हंजे सोफ्यावानी."

कय्यूमही मान हलवू लागला. अख्तरीने मात्र खाली उतरून गाडीच्या पुढे उभं राहून दोन्ही हात पसरले. मग ती हळहळत म्हणाली, "आराम भल्ला हाय जी. पन हेटीटोल्याच्या मोरं वाट वाहून गेली न, तिथी आता नुसता धानाचा बांध उरला हाय. बैलगाडी बी जात नाई. हे त्याच्यावर मावनार नाई. अर्ध्या वाटेत सोफ्यावर बसून मी काय करू?"

कय्यूमने त्या जीपच्या छतावर एकदा हात फिरवला आणि तो बाजूला झाला.

शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आणखी एक गाडी होती. मातकट हिरवी, अंगाने लांब. भैयाजी ती दाखवायला फारसे राजी नव्हते. "हे हळू चालते. नव्या लग्नाच्या जोड्याईसाठी घेतली होती मालकानं. दोघाईले आरामात फिराले."

कय्यूम एकदम टायरची हवा तपासायला खाली वाकला. त्याचे कान लाल झालेले अख्तरीला दिसले आणि तिला हसू आवरेना.

पण मग तिने ती गाडी नीट पाहिली. मागची सीट पुढच्या सीटपेक्षा थोडी उंच होती. पाठीला टेका होता, दोन्ही बाजूंना धरायला कड्या होत्या. पाय ठेवायला रुंद, सपाट पाट, त्यामुळे गुडघे पोटाशी येत नव्हते. मुख्य म्हणजे गाडी लांब असल्याने मागचा माणूस मागच्या चाकांच्या डोक्यावर न बसता थोडा पुढे बसत होता. ही गोष्ट कय्यूमने तिला समजावून सांगितली, खडूने जमिनीवर रेघा ओढून. "म्हनून चाक उसळलं का तुले कमी लागन. आन हवा मी अजुक थोडी कमी ठेवतो. या टायराले नरमच हवा लागते."

मैदानात फेरी सुरू झाली तेव्हा अख्तरीला आणखी एक गोष्ट कळली, जी कय्यूमलाही ठाऊक नव्हती. उंचावर बसल्यामुळे तिला त्याच्या खांद्यावरून समोरचं दिसत होतं. खड्डा येतो आहे हे आधीच दिसलं की अंग आपोआप तयार होतं. मोटारसायकलवर तिच्या नजरेपुढे नुसती नवऱ्याची पाठ असायची आणि प्रत्येक गचका चोरासारखा यायचा.

"अजुक एक चक्कर," ती म्हणाली. मग आणखी एक.

फडकं सोडलं तर एकच बांगडी तडकलेली.

"एक फुटली," कय्यूम खट्टू होऊन म्हणाला.

"एक तं माह्या हातून भरतानी बी फुटते. हेच घ्याची, भैयाजी."

घरी हिंदी आणि गावात झाडीबोली, अशी या घराची बोलण्याची रीत. मुलगी मदीहा वरोऱ्याला शाळेत शिकवायची. रात्री तिचा फोन आला तो हिंदीतच. अम्मी, इस उमर में? हाडात सळई आहे, ठाऊक आहे ना? त्या मुलीलाच दुकानात बोलाव. जीप करून येईल, अर्ध्या तासाचं काम.

"चुडा मांडवात भरतेत, बेटा. नवरी दुकानात नाई येत."

मग मदीहाही झाडीवर आली. "लोकं हासतीन, अम्मी. बुढा-बुढी चार चाकाच्या फटफटीवर!"

"हासू दे. हासनारीले बी चुड्या लागतेत."

"हेल्मेट घालशीन," शेवटी मदीहा म्हणाली. "दोघंबी."

गाडी सडकेवर चालवायची नसते, म्हणून टेम्पोत चढवून ती सडक संपते त्या गावी नेली. जंगलातल्या वाटेसाठी तिथल्या ग्रामसभेला कय्यूमने आधीच जाऊन विचारलं होतं. तिथला चैतू जुन्या ओळखीचा. त्याने आपल्या अंगणात गाडीला जागा दिली आणि वर म्हणाला, "आमची चुडीवाली आमच्या वाटेनं जाते, त्याले कोन नाई म्हनन?"

उन्हाळ्याची सकाळ होती. तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बाया डोक्यावर पानांचे भारे घेऊन परतत होत्या. कय्यूमच्या आणि अख्तरीच्या मध्ये बांगड्यांची पेटी, चिंध्यांत गुंडाळलेली. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. तिच्या हेल्मेटखालून पदराचं टोक फडफडत होतं.

ऐनाच्या झाडांतून वाट आत शिरली आणि अख्तरीच्या पायांना ती ओळखू आली. पाय तर पाटावर होते, तरी ओळखू आली. इथे डावीकडे वारूळ, इथे दगड, इथे मोहाचं जुनं झाड. झाड होतं. वारूळ मोठं झालं होतं. मोहटोला मागे पडला, मग हेटीटोला. बांधावर गाडीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा उरली. कय्यूम श्वास रोखून चालवत होता आणि बांध संपल्यावर दोघांनीही एकदम श्वास सोडला.

पुढे नाला. कोरडा, गोट्यांनी भरलेला, आणि पलीकडचा काठ उभा. कय्यूमने गाडी थांबवली. मोटारसायकलवर घडलेलं सगळं त्याला आठवत असणार. तो मागे वळून न पाहता म्हणाला, "दुखते का?"

"दुखते," अख्तरी खरं तेच बोलली. "पन घरी बसून बी दुखते."

"वापस जाऊ म्हनशीन तं जाऊ."

तिने काठाकडे पाहिलं. समोरच्या चढणीची तिला भीती वाटत होती. कड्या घट्ट धरून ती म्हणाली, "समोरून नोका चढू. उजव्या अंगानं चला, तिथून ढोरं चढतेत. ढोर जिथून चढते तिथी उतार असते."

गोट्यांवरून गाडी डुलत डुलत निघाली. एक चाक वर, एक खाली, पण गचका बसला नाही. उजवीकडे वळून कय्यूमने काठावर गाडी घातली. पुढची चाकं वर उचलली गेली, समोर नुसतं आकाश दिसू लागलं. अख्तरी पुढे झुकली, पेटी पोटाशी आणि कपाळ नवऱ्याच्या पाठीला. इंजिन कण्हलं, माती सुटली, गाडी जरा घसरली, आणि मग एका हिसक्यात वर आली.

वर आल्यावर अख्तरी हसत होती. मोठ्याने, खळखळून. टोपली घेऊन फिरायची तेव्हा टोल्याच्या अलीकडूनच लोकांना तिचं हसू ऐकू यायचं. आजही कोसमटोल्याला ते आधी पोचलं.

"आली वं! चुडीवाली आली!"

पोरं धावत आली, मागून बाया. मांडवात जांभळाचे डहाळे बांधले होते. इंदुताई हळदीच्या हातांनीच पुढे आली आणि हेल्मेटमधल्या अख्तरीला पाहून तिला काय करावं सुचेना. मग तिने ते हेल्मेटच दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. "मले ठाव होतं. मले ठाव होतं वं तू येशीन."

पेटी उघडली. उर्वशी समोर बसली. अख्तरीने तिचा हात हातात घेतला, बोटं एकत्र दाबली, अंगठ्याचं मूळ चेपून पाहिलं. "सव्वादोन. मायचाच हात." तेल लावून एकेक हिरवी बांगडी ती चढवू लागली. बायांनी गाणं धरलं. त्यात अख्तरीचाही आवाज मिसळला, आणि तो बारीक नव्हता. दोन्ही हात भरल्यावर उर्वशीने वाकून तिच्या पायांना हात लावला. इंदुताईने सुपात तांदूळ आणि सुपारी पुढे केली.

मग रांगच लागली. अख्तरी एकेक हात घेत होती, आणि मध्येच तिने मान वर केली. "चंद्रकला नाई दिसली? तिच्या आवडीच्या काळ्या चुड्या आनल्या."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. "मागच्या थंडीत गेली वं," इंदुताई हळूच म्हणाली.

अख्तरीचे हात थांबले. काळ्या बांगड्यांची दोरी तिने क्षणभर धरून ठेवली. मग चंद्रकलेच्या सुनेला जवळ बोलावलं, तिचा हात दाबून पाहिला आणि त्यातल्या दोन-दोन तिच्या हिरव्या बांगड्यांच्या मधोमध भरल्या. सून आपल्या हातांकडे पाहत राहिली.

तिकडे गडीमाणसं गाडीभोवती उभी होती. कय्यूम त्यांना मागच्या सीटचा टेका दाखवत होता. इंजिनाबद्दल तो एक शब्दही बोलला नाही.

उन्हं कलताना ते परत निघाले. पेटी आता रिकामी होती आणि मागच्या जाळीवर तांदळाचं गाठोडं. नाला उतरला, बांध ओलांडला. हेटीटोल्याच्या तोंडाशी कय्यूमला ब्रेक दाबावा लागला. सगळ्या टोल्यातल्या बाया वाटेवर येऊन उभ्या होत्या. कोसमटोल्याचं गाणं त्यांना ऐकू आलं असावं.

"आमाले टाकून जाशीन का वं?"

"पेटी खाली झाली बाप्पा," अख्तरी म्हणाली. "बाजाराच्या दिशी येतो. आता दर बाजाराले येतो."

"माप तं घे."

उतरायला कय्यूमने हात पुढे केला. तिने मान हलवली. बसल्या जागेवरूनच, पाठ टेकवून, तिने उजवीकडचा पहिला हात घेतला आणि दाबून पाहिला. मग डावीकडचा. कय्यूमने इंजिन बंद केलं. वाटेच्या मधोमध गाडी शांत उभी होती आणि दोन्ही बाजूंनी तिच्याकडे हात वर होत होते. काही तेंदूच्या डिंकाने काळे पडलेले, काही हळदीचे, एक तर अगदी नव्या सुनेचा.