डाव्या हाताची बटणं

अकोल्याहून निघालेली एसटी मूर्तिजापूरला थांबली. सगळे चहाला उतरले, गजेंद्र मात्र जागचा हलला नाही. मांडीवरच्या पिशवीत त्याने डावा हात घातला होता. आतली जॉयस्टिकची दांडी धरून अंगठ्याने एकेक बटण चाचपायचं, सोडायचं, पुन्हा चाचपायचं, असं त्याचं चाललं होतं.

शेजारच्या म्हाताऱ्याला राहवलं नाही. "कोंबडी हाय काय पिशवीत?"

"नाई बाप्पा. विमान हाय."

म्हातारा जरा खिडकीकडे सरकला.

गजेंद्रचं अकोल्यात बॅटऱ्यांचं दुकान आणि ज्याच्याकडे तो निघाला होता तो देवीदास अमरावतीच्या कोर्टात कारकून. पण दोघांची खरी ओळख खुशालबुवांच्या कीर्तनातली. गजेंद्र पेटीवर, देवीदास मृदंगावर. बाळापूरच्या सप्ताहात बुवांनी नामाचा गजर धरला आणि देवीदासची थाप पडली, की मागे भिंतीला टेकलेली माणसं आपोआप ताठ बसत. पांडुरंगाने माणसाला हात का दिले असतील, ते त्या वेळी कळायचं.

या दोघा माळकऱ्यांना नाद आणखी एक होता, तो म्हणजे लढाऊ विमानांचा कॉम्प्युटरवरचा खेळ. रविवारी दुपारी एक अकोल्यात बसे, एक अमरावतीत, कानाला हेडफोन, आणि दोन विमानं एकाच आभाळात. देवीदास पुढे, गजेंद्र त्याच्या उजव्या पंखाशी. बुवांना हे ठाऊक होतं. ते हसून म्हणायचे, "वर जाताच आहात तं माह्या विठोबाले निरोप सांगजा."

चैत्रात देवीदासला लकवा मारला. पाय हळूहळू परत आला, उजवा हात आला नाही. मृदंग खोळीत गेला. घरामागच्या देवळात कीर्तन असलं की तो खिडकी लावून घ्यायला सांगे. आणि काल मनकर्णावहिनीचा फोन आला.

"भाऊजी, ते कॉम्प्युटर देऊन टाकतो म्हणतात. परतवाड्याचा भाचा, पिंटू, उद्या संध्याकाळी न्याले येऊन राहिला. ते बी गेलं तं हा माणूस भिंतीकडे तोंड करून निजन, मंग उठाचा नाई."

तेव्हापासून गजेंद्रला अन्न गोड लागलं नव्हतं. दोन्ही हातांना सारखी बसेल अशी जॉयस्टिक त्याने शोधून आणली, विमानाची सगळी कामं एका डाव्या हाताला जमतील अशी बटणं लावली, आणि ती जुळणी पेन ड्राइव्हवर घेतली.

गजेंद्र अमरावतीला पोचला तेव्हा देवीदास बाजेवर बसला होता. दाढी वाढलेली, नजर दाराकडे नाही.

"काहून आला?" त्याची जीभ अजून थोडी जड होती.

"पाच मिनिटं बस माह्यासोबत. मंग हाकलून दे."

गजेंद्रने धूळ पुसली, तारा जोडल्या, मधेच वहिनीने ठेवलेला पाण्याचा गिलास सांडला. "घाबरू नको, काईच अवघड ठेवलं नाई. हा ट्रिगर. चाकं आपोआप वर जातात. वेग मशीनच सांभाळते. निशाणा बी तेच धरते. तुले फक्त दांडी हालवाची."

वहिनीने धरून खुर्चीत बसवलं. देवीदासने डावा हात दांडीवर ठेवला. विमान धावलं, उठलं, ढगांवर गेलं. गजेंद्र मागे उभा राहून मनात नाम घेत होता. थोड्या वेळाने देवीदासने हात काढून मांडीवर ठेवला. विमान आपलं सरळ जातच राहिलं.

"पाह्य. मी नसलो तरी चालून राहिलं."

"मंग चांगलंच हाय ना."

"मंग मी काहून बसू इथं? मनकर्णा, पिंटूले म्हण, लवकर ये."

गजेंद्र येरझाऱ्या घालू लागला. "अरे, मी माह्या डाव्या हातानं पाहून पाहून लावलं. डाव्या हाताले तेवढंच जमते."

"कोनाच्या डाव्या हाताले?"

गजेंद्र थांबला.

"तुहा डावा हात पेटीचा," देवीदास म्हणाला. "जल्मभर भाता मारते. पुढं, मागं, पुढं, मागं. त्याले दुसरं काय येते बे?" आणि त्याने डावा तळवा टेबलाच्या फळीवर टेकला. मनगटाचा भार दिला, बोटं मोकळी सोडली, आणि एक थाप उठली. भार सरकवत त्याने तिचा घुमारा लांबवला आणि शेवटी बोटांनी अलगद मिटवला. "ह्या हातात मनगट अलग हाय, तळवा अलग हाय, बोटं अलग हायेत. अन् तू त्याले एक बटण देतं?"

स्वयंपाकघरात पोळपाटाचा आवाज थांबला. एवढी वर्षं शेजारी बसून गजेंद्रने तो हात पाहिला होता, आणि अंदाज मात्र आपल्याच हाताचा केला होता.

"पुसून टाक सगळं," देवीदास म्हणाला. "नव्यानं लाव."

"सांग."

"वेग दांडीच्या टोकावरल्या टोपीवर. अंगठ्यानं ढकलली की वाढला, ओढली की कमी. निशाणा मी धरीन, मशीनची मेहरबानी नको. खालचं मोठं बटण मनगटानं दाबीन, त्याच्यावर मिसाईल चकवाले फ्लेअर सोडाचे. करंगळीचं दाबून ठेवलं की बाकीच्या बटणायचं दुसरं काम."

"करंगळी पुरन?"

"लाव मुकाट्यानं."

पहिलं विमान धावपट्टीवरच उलथलं. दुसरं डोंगराला भिडलं. "टोपी लई नाजूक ठेवली तुनं," देवीदास करवादला. गजेंद्रने ती जरा बोथट केली. मग चाकं वर घ्यायच्या बटणावर चुकून निशाणा आला आणि दोघं भांडले. तिसरं विमान वाकडंतिकडं का होईना, उठलं. मनगट, अंगठा, करंगळी. चुकत होतं, पण हात थांबत नव्हता. आता देवीदासचा पाय खुर्चीखाली हलत होता.

वहिनी दारात फोन घेऊन आली. "पिंटू इचारते, निघू काय?"

देवीदासने पडद्यावरची नजर काढली नाही. "त्याले म्हण, मशीन कामात हाय."

वहिनीने गजेंद्रकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. गजेंद्रने खुर्ची ओढली, आता निवांत बसावं म्हणून.

"तू काहून बसून राहिला?" देवीदास म्हणाला. "माह्या उजव्या बाजूले कोन हाय? मघापासून रिकामं आभाळ पाहून राहिलो."

"मी तं इथंच हाय."

"इथं काय कामाचा? तुहं मशीन अकोल्याले. जाय घरी."

"आताच? वहिनीनं चहा ठेवला."

"चहा घरी पे."

वहिनीने ओतलेला चहा गजेंद्रने उभ्यानेच संपवला, जिभेला चटका बसला. चपला हातात घेऊनच तो जिना उतरला. अकोल्याची गाडी स्टँडातून निघतच होती. कंडक्टरने दार पुन्हा उघडलं आणि चार शब्द ऐकवले. ते गोड मानून गजेंद्र आत शिरला.

खिशातला फोन वाजला. देवीदासने एका हाताने टाइप केलं होतं, अक्षरं मागेपुढे झालेली: कुठं पोचला?

गाडी अजून अमरावतीला लागून असलेल्या बडनेऱ्यालाही आली नव्हती.