बोधिवृक्षाखालचं अर्धं पिंप

मी एक जुनं पिंप आहे. अर्धं. गेल्या बुद्धपौर्णिमेला मला निर्व्यसनी ठरवण्यात आलं. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आपण रीतसर जन्मापासून सुरुवात करू.

मी फ्रान्सचा. एका टेकडीच्या उतारावर म्हाताऱ्या मालकाचा छोटा द्राक्षमळा होता. तो चिमूटभर माती जिभेवर ठेवून डोळे मिटायचा. वरच्या ओळीतल्या वेलींची वाईन वेगळी, खालच्यांची वेगळी, असं शपथेवर सांगायचा. चुनखडी, ऊन, उतार, वारा यांची मिळून जी चव उतरते, तिला तिकडे तेरुआर म्हणतात. दहा हंगाम मी ती चव पोटात सांभाळली. मग माझ्या लाकडात दम उरला नाही असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

पुढे कॅलिफोर्निया. तिथे करवतीने माझे दोन तुकडे केले. दुसरा अर्धा कुठे असतो, माहीत नाही. पत्र नाही.

१९९६ साली ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये धर्मराज नावाच्या इंजिनिअरने मला कुंडी म्हणून घरी आणलं. माझ्यात पिशवीतली माती ओतली. तिची चव कुणी घेतली नाही. पिशवीवर ‘खाऊ नये’ असं छापलं होतं. त्याच्या बायकोने, संघमित्राने, माझ्यात बोधिवृक्षाचं रोप लावलं. आधीची सहा उन्हाने गेली होती. हे सातवं, आणि शेवटचं.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला मागच्या अंगणात वंदना झाली. पंचशील घेऊन विहारातले ज्येष्ठ अनिलकाका रोपाला पाणी घालायला वाकले आणि माझ्यावरचा शिक्का वाचून तसेच थांबले.

“धर्मराज, हे दारूचं पिंप आहे?”

“होतं, काका.”

“आत्ता दारू न पिण्याचं पाचवं शील घेतलं यार आपण! आणि बोधिवृक्ष दारूत उभा? काढ ते रोप.”

“काका, बाहेर एकशे पाच डिग्री फॅरनहाइट आहे,” संघमित्रा म्हणाली. “आत्ता मुळं हलवली तर जाईल ते.”

“काका, इट्स जस्ट अ पॉट,” तिची छोटी जागृती म्हणाली.

काकांनी मला हुंगलं. मित्रांनो, फार वर्षांनी कुणीतरी मला हुंगलं. ओल्या मातीशिवाय त्यांना काही सापडलं नाही.

संघमित्राने विचारलं, “काका, तुमच्या थोरल्या भावाने दारू सोडली, तेव्हा त्यांना विहारातून काढलं होतं?”

“छे! पहिल्या रांगेत बसवलं होतं.”

“मग? यानेही सोडलीय.”

काकांनी शिक्का पुन्हा एकदा वाचला.

“किती वर्षं झाली?”

“चार तरी.”

“मग पक्कं म्हणायचं,” म्हणत त्यांनी तांब्या माझ्यात रिता केला.

खरं सांगू? मी सोडली नव्हती, माझ्यातून काढून घेतली होती. पण एवढा विश्वास टाकल्यावर सुधारावंच लागतं. आता मी थकलोय. वाळलो तर फळ्या आकसतील, लोखंडी पट्टे गळतील आणि रोप आडवं होईल. म्हणून मित्रांनो, रोज सकाळी एक बादली पाणी.

सबब, संबंधित फ्रेंच खात्यास विनंती की, उक्त टेकडीच्या वरच्या ओळीतली चिमूटभर माती व माझा उर्वरित अर्धा भाग पुढील पौर्णिमेपूर्वी चँडलर येथील मागील अंगणात जमा करावा. उर्वरित भाग निर्व्यसनी असल्याचा दाखला सोबत जोडावा.